काट्याची पावती

डेन्व्हर, रविवार

ति. बाबा आणि ति. सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या शनिवारी आम्ही नवा पिकअप घेतला. आधी विचारायला हवे होते, हे मला कळते, परंतु विचारले असते तर बाबा "आहे ती गाडी काय वाईट आहे?" असे म्हणाले असते आणि मी मुकाट्याने ऐकले असते. आता पैसे भरून झाले आहेत, तेव्हा रागावण्याआधी पत्र पूर्ण वाचावे.

मे महिन्यात तुम्ही आल्यावर आपण सगळे युटामधल्या मोआबला जाणार आहोत. मागच्या वेळी दर मुक्कामाला नवे हॉटेल, नवे जिने आणि परके जेवण यांनी आईचे किती हाल झाले, ते मी विसरलेले नाही. म्हणून फिफ्थ-व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअपने ओढायचे चाकांवरचे घर, घेतला. त्यात गॅसची शेगडी, फ्रिज, हीटर आणि उंच कमोड आहे. पुढची झोपायची खोली तीन पायऱ्या वर असल्यामुळे तेथे आम्ही झोपू. तुमचा पलंग मागे, स्वयंपाकघराच्याच पातळीवर आहे. आई, पहाटे तुला चहा करायला कोणाला उठवावे लागणार नाही.

या ट्रेलरची मान पिकअपच्या मागे नव्हे, तर हौद्यातल्या हिचवर (जोडणीवर), मागच्या चाकांच्या जवळपास वर टेकते. त्यामुळे तो फारसा झोला खात नाही, पण त्याच्या वजनाचा मोठा वाटा थेट पिकअपच्या अंगावर येतो. दुकानातला माणूस "पाऊण टनी" म्हणवल्या जाणाऱ्या वर्गातला डिझेल पिकअप दाखवून "आरामात ओढेल" असे पुन्हा पुन्हा सांगत होता. ओढेल हे खरेच होते. मात्र त्या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांची एकूण वजनमर्यादा, म्हणजे गाडीचे स्वतःचे वजन धरून, १०,००० पौंडांवर ठेवलेली असते आणि डिझेल इंजिन, चार दारांची केबिन यांतच तिच्यातला मोठा भाग संपतो. दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या पट्टीवर माणसे आणि सामान मिळून अवघे २,३०० पौंड लिहिले होते. आमचा ट्रेलर पूर्ण भरला की १३,५०० पौंडांचा होतो. त्याचा बावीस टक्के भार मानेवर धरला, तरी २,९७० पौंड होतात. म्हणजे एकही माणूस बसण्याआधीच मर्यादा ओलांडली जाते.

तेव्हा मागे चार चाके असलेला फोर्ड एफ-३५० घेतला. त्याची एकूण मर्यादा १४,००० पौंड आहे. घेतल्या दिवशीच टाकी भरून मी तो ट्रकथांब्यावरच्या काट्यावर नेला. माझ्यासकट ८,७०० पौंड भरले, म्हणजे ५,३०० उरले. मानेचे २,९७०, हिचचे २००, तुम्ही दोघे, जावई आणि नातू मिळून ६०० आणि हौद्यातल्या सामानाचे २००, असे ३,९७० पौंड होतात. तरीही तेराशेवर पौंड, म्हणजे सुमारे ६०० किलो, शिल्लक राहतात. ट्रेलर जोडून पुन्हा काटा करीन आणि मागच्या ॲक्सलवर किती आले तेही पाहीन.

बाबा, पावती हातात आली तेव्हा मला कारखान्याच्या काट्यावरची तुमची खोली आठवली. मी तुमच्या मांडीवर बसून भरलेल्या गाडीचे वजन मोठ्याने वाचायचे, तुम्ही लिहून घ्यायचात आणि गाडी रिकामी होऊन परत येईपर्यंत मला उसाचे कांडे सोलून द्यायचात. मी ही पावती त्याच हिशेबाने तीनदा वाचली. पसरणी घाटातल्या त्या संध्याकाळबद्दल आपण कोणी बोलत नाही आणि मीही येथे तो विषय काढणार नाही. मात्र मोआबच्या वाटेवर आयझेनहॉवर बोगद्यानंतर सात टक्क्यांपर्यंतचा लांब उतार आहे आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी कडेला चढणीच्या वाटा बांधलेल्या आहेत. तेथे तुम्ही दोघे मागच्या सीटवर असताना मला मनात आकडेमोड करायची नाही.

यंदा गणपतीला वाईला येणे मात्र जमणार नाही, कारण सगळी रजा मे महिन्यात लागेल. आई, तू नैवेद्याचे ताट माझ्यासाठीही वाढशील, हे मला ठाऊक आहे. पुढच्या वर्षीचे तिकीट मी जानेवारीतच काढणार आहे.

आता काही गोष्टी निमूटपणे करायच्या. डेन्व्हरच महाबळेश्वरपेक्षा उंच आहे आणि तो बोगदा ११,००० फुटांवर आहे, म्हणून तिकिटाआधी डॉक्टरांना ही उंची सांगून त्यांचा होकार घ्या. औषधे हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह ठेवा. आई, गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस. गाडी उंच आहे, पण मी खाली उघडणारी पायरी आणि दोन्ही बाजूंना मुठी लावून घेतल्या आहेत.

आणि दोघांनीही दवाखान्याच्या काट्यावर उभे राहून आपापले वजन मला कळवा. मी हिशेबात बाबांचे ६८ किलो धरले आहेत, पण परवा व्हिडिओवर त्यांचा सदरा खांद्यावरून ओघळलेला दिसला. बाबा, अंदाजाने सांगू नका. काट्यावर भरेल तेच लिहा.

तुमची,
मनू