म्हाताऱ्या पेशंटचा ‘सायकियाट्री कॉल’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खुब्याचे हाड मोडून सरकारी रुग्णालयात दाखल झालेला पंच्याहत्तरीचा माणूस ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बरळू लागतो, सलाइन उपसतो, कॉटवरून उतरू पाहतो. ऑर्थोपेडिक वॉर्डात नोकरी केलेल्या कोणत्याही सिस्टरला हे नवीन नाही आणि म्हणूनच त्याची कुणाला घाईही नसते. ‘वयोमानाने होते’ असे म्हणत गॉज बँडेजने हात कॉटच्या दांडीला बांधतात आणि सकाळच्या राउंडला केसपेपरवर लिहितात : सायकियाट्री कॉल, म्हणजे मनोविकार विभागाच्या डॉक्टरांना बोलावणे.

मग वॉर्डातले मामा कॉलबुक घेऊन ओपीडीत जातात. तिथल्या गर्दीतून सुटून रेसिडेंट डॉक्टर वर येईपर्यंत दुपार टळलेली असते. रात्रभर जागलेला मुलगा घरी गेलेला असतो आणि आजोबा बऱ्यापैकी भानावर असतात, कारण हा गोंधळ रात्रीच वाढतो. हॅलोपेरिडॉल या शांत करणाऱ्या औषधाचा छोटा डोस आणि ‘शारीरिक कारण शोधावे’ अशी एक ओळ लिहून रेसिडेंट निघून जातो. मेडिसिनवाले म्हणतात मानसिक आहे, सायकियाट्रीवाले म्हणतात शारीरिक आहे, आणि ऑर्थोवाल्यांना प्लेट नीट बसल्याशी मतलब.

या बरळण्याला डेलिरियम म्हणतात : शरीरातल्या बिघाडाने मेंदूचा उडालेला गोंधळ. तुंबलेली लघवी, जंतुसंसर्ग, घसरलेले सोडियम, न शमलेली वेदना, काहीही कारण असू शकते. आमच्या वॉर्डात एक निवृत्त एसटी कंडक्टर रात्रभर शेजारच्या कॉटवाल्यांना तिकिटे विचारत होते. त्यांचे कानाचे मशीन आणि चष्मा मुलाने ‘दवाखान्यात हरवेल’ म्हणून घरी ठेवला होता. वर्षानुवर्षांची झोपेची गोळी दाखल झाल्या दिवशी एकदम बंद झाली होती, कारण ती कुणी विचारली नाही आणि कुणी सांगितली नाही. (दारूचे तर घरचे हमखास लपवतात.) ही माहिती कॉलबुकात येत नाही, त्यासाठी घरच्यांशी शांतपणे बसून बोलावे लागते.

ओरडणाऱ्याला निदान कॉल तरी जातो. भिंतीकडे तोंड करून पडलेली, जेवण परत पाठवणारी, हाक मारली की नुसते डोळे उघडणारी आजी राउंडला ‘काही त्रास नाही’ म्हणून पुढे ढकलली जाते. हाही डेलिरियमच असू शकतो किंवा नैराश्य. दोन्हींतला फरक ओळखायला जाणते माणूसच लागते.

हे टाळता येते, निदान कमी तरी करता येते. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रुग्णालयातला १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. चष्मा-मशीन जवळ देणे, पाणी पाजणे, चालवणे, रात्री झोपू देणे एवढ्या साध्या गोष्टी नेमाने केल्यावर डेलिरियमचे प्रमाण ९.९ टक्के राहिले. नेहमीच्या शुश्रूषेत ते १५ टक्के होते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या सिटी हॉस्पिटलने २००९ पासून मनोविकारतज्ज्ञ आणि परिचारिकांचे पथक चोवीस तास जनरल वॉर्डांत फिरते ठेवले. म्हातारे पेशंट लवकर घरी जाऊ लागले आणि खर्चातली मोठी बचत त्यांच्याच वॉर्डांत झाली. आपल्याकडे हा विषय परका नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मनोविकार विभाग १९३८ सालीच सुरू झाला होता.

आज जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमातून दहा खाटांचा वॉर्ड असतो आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मनोविकारतज्ज्ञही. इमारत एक, फायली दोन. त्या तज्ज्ञांनी कॉलची वाट न पाहता रोज ठरलेल्या वेळी ऑर्थो, मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डांत यावे, एवढीच मागणी आहे. प्रत्येक पाळीतल्या एका सिस्टरला ४एटी ही दोन मिनिटांची चाचणी शिकवावी. तीत वय, जन्मतारीख, ठिकाण, साल विचारायचे आणि महिने उलटे म्हणायला लावायचे. शाळा न पाहिलेल्या आजीला मार्गशीर्ष-कार्तिक चालवून घ्यावे, हे सांगायला मात्र कुणी बाहेरून येणार नाही. मनोविकारतज्ज्ञ रोजच्या राउंडलाच येऊ लागले की ‘आमचे बाबा वेडे नाहीत’ म्हणून भांडणारे नातेवाईकही निवळतील.

हात बांधण्याबद्दलही बोलायला हवे. मानसोपचार केंद्रात रुग्णाला बांधायचे तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार दुसरा उपाय नसावा लागतो, मनोविकारतज्ज्ञाची मंजुरी लागते आणि कारणाची नोंद करावी लागते. ऑर्थो वॉर्डात हा निर्णय रात्रपाळीची एकटी सिस्टर घेते, सगळा वॉर्ड तिच्याच अंगावर असताना. तिला दोष देऊन उपयोग नाही. रात्री नातेवाइकाला पेशंटजवळ बसू द्या आणि मंद दिवा चालू ठेवा, बँडेजची गरज बऱ्याचदा उरत नाही.

शेवटी एक बिनखर्ची सूचना. डिस्चार्ज कार्डावर बसवलेल्या प्लेटची माहिती असते, टाके काढायची तारीख असते. ‘दाखल असताना डेलिरियम झाला होता’ ही ओळही तिथे लिहावी. पुढे मोतीबिंदूसाठी का होईना तोच माणूस पुन्हा दाखल झाला, तर भूलतज्ज्ञाला ते आधी कळेल.

– एक निवृत्त परिचारिका, मिरज