सागरतळाखालच्या शिलारसाविषयी

सीबीडी बेलापूर, नवी मुंबई

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेखाली आज शिलारस आहे की नाही, हा तुझा प्रश्न रास्त आहे. इथल्या पारसिकच्या डोंगराचा बसाल्ट हाताने चाचपता येतो. सागरी रांगेच्या पोटात काय दडले आहे, हे मात्र खडकांतून जाणाऱ्या कंपनलहरींवरूनच ताडावे लागते.

आइसलँडच्या नैर्ऋत्येस असलेल्या रेक्यानेस रांगेचे उदाहरण घे. तीही कार्ल्सबर्गसारखीच संथ असून तिथले दोन भूपट्ट वर्षाला जेमतेम २ सेंटिमीटरने दूर सरकतात. १९९३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिथे तळावर भूकंपमापके ठेवली आणि जहाजामागून ओढलेल्या एअरगनमधून दाबाखालची हवा ठरावीक अंतराने पाण्यात सोडली. अशा सर्वेक्षणाच्या नोंदीत प्रत्येक स्फोटाची एक थरथरती रेघ असते आणि या रेघा अंतरानुसार शेजारीशेजारी मांडतात. सुरुवातीला वरच्या भेगाळ लाव्हातून आलेली लहर पुढे असते. पण खालच्या गॅब्रोत (खोलवर सावकाश थिजलेल्या शिलारसाच्या खडकात) वेग सेकंदाला सुमारे ७ आणि कवचाखालच्या प्रावरणात ८ किलोमीटर असल्याने, पुरेसे दूर गेल्यावर खोलातून वळसा घालून आलेली लहरच आधी पोचते. भूकंपशास्त्रज्ञ मोहोरोविचिच यांनी १९०९ मध्ये भूकंपाच्या नोंदींतून कवचाचा तळ ओळखला तो याच तर्काने.

रेक्यानेसच्या अक्षाखालून, म्हणजे भूपट्ट जिथे विलग होतात त्या मधल्या रेषेखालून, गेलेल्या लहरी मात्र रेंगाळल्या आणि क्षीण झाल्या, कारण वितळलेल्या खडकात लहरींचा वेग घटतो. त्याच ठिकाणी विद्युतचुंबकीय मोजणीनेही खडकाचा विद्युतरोध फार कमी असल्याचे दाखवले; वितळलेल्या खडकातून वीज सहज वाहते. दोन स्वतंत्र पद्धतींची अशी साक्ष जुळली, म्हणूनच तळाखाली सुमारे अडीच किलोमीटरवर शिलारसाचा पातळ थर आणि त्याखाली अर्धवट वितळलेला खडक आहे, हा निष्कर्ष मला भक्कम वाटतो.

मला त्याहून मोलाचे वाटते ते पुढचे अनुमान. भेगांतून खेळणारे समुद्राचे पाणी कवचाची उष्णता झपाट्याने काढून नेते; इतक्या संथ रांगेत एवढा शिलारस कायम टिकवण्याइतका पुरवठा खालून होत नाही. म्हणजे तो अधूनमधून भरतो, थिजतो आणि दीर्घ काळाने पुन्हा भरतो. असे असेल तर बहुतेक संथ रांगांखालच्या सर्वेक्षणांत तो सापडत नाही, यात नवल नाही. त्यामुळे कार्ल्सबर्गच्या एखाद्या टप्प्याखाली लहरी न अडखळता गेल्या, तरी तेवढ्यावरून तो टप्पा निवाला असे मी म्हणणार नाही. दोन भरणांमधल्या काळात आपण तिथे पोचलो, एवढेच त्यातून सिद्ध होईल.

तुझा,
अविनाश