बाळूच्या मागच्या पायांविषयी, डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

दवाखान्यातल्या गर्दीत आभाराचे बोलणे नेहमी राहून जाते, म्हणून हे पत्र. गेल्या श्रावणात आमच्या 10 वर्षांच्या लॅब्राडॉरला, बाळूला, मी आपल्याकडे आणले ते पुढच्या पायाचा सांधा चाटून चाटून तिथले केस तांबूस झाले होते म्हणून. त्वचेचे मलम मिळेल आणि अर्ध्या तासात घरी जाऊ, एवढीच माझी अपेक्षा होती. आपण मात्र भलतेच विचारू लागलात. सकाळी उठताना त्याला वेळ लागतो का, जिन्यापाशी थबकतो का, पाठीवर हात फिरवला तर हल्ली गुरगुरतो का? प्रत्येक प्रश्नाला मी ‘हो, पण आता वय झाले’ असेच उत्तर देत होतो. मग आपण माझा हात धरून त्याच्या दोन्ही मांड्यांवर फिरवलात. डावी मांडी उजवीपेक्षा स्पष्ट बारीक लागली. दुखरा पाय तो कित्येक महिने वाचवत होता आणि रोज त्याला जेवू घालणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता.

दवाखान्यात बाळू सरळ चालला, कारण नव्या जागेच्या धास्तीत कुत्री लंगडणे लपवतात, असे सांगून आपण घरी पहाटे उठतानाचे चित्रीकरण मागितलेत. त्यातले ते अवघडलेले पहिले दहा पावलांचे चालणे मी आजही पाहू शकत नाही. क्ष-किरण चित्रात खुब्याचा खळगा उथळ आणि हाडांच्या कडा वाढलेल्या दिसल्या.

एक कबुली द्यायची आहे. त्या दिवशी आईच्या गुडघ्यांसाठीची डायक्लोफिनॅकची गोळी माझ्या खिशात होती. अर्धी करून पोळीतून द्यावी, असा विचार होता. माणसांच्या अशा गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे आपण न रागावता सांगितलेत. (हे औषध दिलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मरू लागल्यामुळे जनावरांसाठी याच औषधावर 2006 मध्ये भारतात बंदी आली, हेही मला तेव्हाच कळले.) मेलॉक्सिकॅम हे दुखणे आणि सूज कमी करणारे औषध आपण आधी रक्त तपासून, वजनाच्या हिशेबाने आणि जेवणासोबतच सुरू केलेत.

परंतु खरा फरक पडला तो वजनाने. 38 किलोंचा बाळू हे आमच्या घराचे भूषण होते! शेजारच्या आजींची तूप लावलेली पोळी आणि चहाबरोबरची बिस्किटे बंद करताना घरात जे रुसवेफुगवे झाले, त्यांत बाळूचा वाटा सर्वांत कमी होता. सात महिन्यांत तो 34 किलोंवर आला. रविवारची टेकडी सोडून आता रोज तीनदा थोडे थोडे चालतो. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरल्या आहेत, आणि तळव्यांतले केस व नखे मी वेळेवर कापतो.

झिजलेला सांधा पूर्ववत होणार नाही, हे आपण पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेत, त्याबद्दल विशेष ऋणी आहे. खोटी आशा दिली असती, तर पहिल्या थंडीतच मी औषध बदलत फिरलो असतो. परवा तो जिन्याच्या तीन पायऱ्या आपणहून चढला आणि चौथीवर बसून राहिला. वहीत तशी नोंद केली आहे. शनिवारी रक्ततपासणीला येताना वही सोबत आणतो.

आपला कृतज्ञ,
बाळूचा मालक