छातीच्या एक्स-रेबरोबर मानेची शीरही तपासा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

विशीतला धडधाकट मुलगा हुडहुडी भरून येणारा ताप आणि धाप घेऊन रुग्णालयात येतो. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर गोल डाग दिसतात, आणि न्यूमोनिया किंवा टीबीचे औषध सुरू होते. आठवड्यापूर्वी घसा दुखत होता का, हे विचारायचे राहून जाते. मानेची एकच बाजू जबड्यापासून खाली ठणकत असते. ‘मान अवघडली असेल’ म्हणून तेही सोडून दिले जाते.

हा लेमिएर सिंड्रोम असू शकतो. घशातले फ्युझोबॅक्टेरियम जिवाणू मानेतल्या मोठ्या शिरेपर्यंत पोचतात, तिथे गुठळी धरते आणि तिचे जंतूंनी भरलेले तुकडे फुप्फुसात जाऊन अडकतात. आंद्रे लेमिएर यांनी 1936 मध्ये 20 रुग्णांची नोंद केली, त्यातले 18 दगावले. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. आज आहेत, म्हणूनच निदान हुकणे जिव्हारी लागते.

निदानाला लागतात पाच मिनिटे आणि सोनोग्राफीचा लिनियर प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा सरळ, सपाट टोकाचा भाग. पोटाच्या वाकड्या प्रोबवर ही शीर नीट दिसत नाही. पेशंटला उताणे झोपवून प्रोब मानेवर आडवा धरायचा आणि जबड्यापासून गळपट्टीच्या हाडापर्यंत हलके दाबत उतरायचे. निरोगी शीर दाबाने चपटी होते, गुठळीची होत नाही. दाबून पाहणे टाळू नये, कारण ताजी गुठळी पडद्यावर रक्तासारखीच काळी दिसते. मात्र गुठळी सापडली की पुन्हा पुन्हा दाबू नये. हाडामागचा भाग सोनोग्राफीत झाकलेला राहतो. तपासणी नॉर्मल येऊनही शंका उरली, तर मान व छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन) करावाच.

अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का, ही तपासणी) घ्यावे, प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली. हा जिवाणू ऑक्सिजनमध्ये वाढत नाही, त्यामुळे ॲनएरोबिक (ऑक्सिजनविरहित) बाटली नसेल तर रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो आणि सगळेच निर्धास्त होतात. रिपोर्टसाठी उपचार मात्र थांबवू नयेत. ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकवर इथे विसंबता येत नाही. सेफ्ट्रिॲक्सोनसोबत मेट्रोनिडॅझोल लागते, तेही साधारण 3 ते 6 आठवडे. रक्त पातळ करण्याच्या औषधाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, तो निर्णय पेशंटगणिक घ्यावा.

आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांतल्या प्रत्येक सोनोग्राफी यंत्राला लिनियर प्रोब द्यावा, ॲनएरोबिक बाटल्या खरेदी यादीत घ्याव्यात, आणि तापाच्या केसपेपरवर एक ओळ छापावी: ‘अलीकडे घसा दुखला होता का? मान एका बाजूला दुखते का?’

आपले,
संसर्गरोग व रेडिओलॉजी विभागांत काम करणारे डॉक्टर