गुडघ्यावरच बसणाऱ्या पँटसाठी, ताई, तुमचे मनापासून आभार

प्रिय ताई,

तोंडी आभार मानून झाले होते, पण ते फार अपुरे होते. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे सविस्तर लिहावं, आणि चारजणींना वाचता येईल असं लिहावं, हे तेव्हापासून मनात आहे. कारण हा शोध माझ्या एकटीचा नाही. बाइकवर घालायला हेल्मेट मिळतं, ग्लोव्हज मिळतात, जॅकेटही जरा फिरलं की मिळतं. पँटपाशी येऊन मात्र कितीतरी बायका थकतात आणि साध्या जीन्सवर निघतात. घासून पाहणाऱ्या चाचण्यांत साधी डेनिम सेकंदभरात फाटते, हे त्यांनाही माहीत असतं. त्या बेफिकीर नसतात. अंगाला येईल अशी पँट त्यांना कुणी दाखवलेली नसते, एवढंच.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझीही तीच गत होती. मांडीत जाणारी पँट घ्यावी तर कमरेला मागे मूठ मावेल एवढी फट. कमरेला बसणारी घ्यावी तर ती मांडीतच अडकणार. ‘लेडीज’ लिहिलेल्या काही पँट्स तर पुरुषांच्याच कटच्या, नुसत्या सगळीकडून थोड्या लहान केलेल्या आणि रंग बदललेल्या. एका दुकानात मला सांगितलं गेलं की तुमचा बांधाच वेगळा आहे, तुमच्या मापाचं येत नाही. तुम्ही हे ऐकलंत आणि पहिलं वाक्य बोललात, “बांधा ठीक आहे तुझा. कट चुकलाय.” त्या एका वाक्याने मला किती हलकं वाटलं हे मी तेव्हा बोलून दाखवलं नाही. आज सांगते.

मग तुम्ही टेप काढलीत. कंबर आणि हिप ही दोन मापं सगळेच घेतात. तुम्ही मांडीचा सगळ्यात भरलेला घेर घेतलात, गुडघ्यावरचा घेतलात, पोटरीचा घेतलात, पुढचं आणि मागचं आसन, म्हणजे कमरेपासून दोन पायांमधल्या शिवणीपर्यंतचं अंतर, वेगवेगळं मोजलंत. त्यानंतर मला बाइकवर बसवलंत, पाय फूटपेगवर, हात हँडलवर, आणि त्या अवस्थेत कमरेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंतचं अंतर पुन्हा मोजलंत. उभं राहून घेतलेल्या मापापेक्षा ते वेगळं आलं. “पँट उभी राहून विकतात, पण घालायची असते बसून,” असं तुम्ही म्हणालात, आणि त्यानंतर ट्रायल रूममधल्या आरशावर मी कधीच पूर्ण विश्वास ठेवला नाही.

बसल्यावर काय होतं ते तुम्ही माझ्याच पायावर दाखवलंत. गुडघा वाकला की कापड वर खेचलं जातं, बॉटम घोट्यावरून वर सरकतो आणि गुडघ्याचं आर्मर, म्हणजे आघात झेलणारा आतला कप, तोही वर चढतो. म्हणून उभं असताना त्या कपाचा मध्य वाटीच्या किंचित खाली असायला हवा, तरच बसल्यावर तो बरोबर वाटीवर येतो. उभं असताना जो अगदी नेमका बसलेला दिसतो, तो बाइकवर मांडीच्या खालच्या टोकावर जाऊन बसतो. आत कपाची खिशी वेल्क्रोने वर-खाली करता येते का, हे बघायला तुम्ही शिकवलंत. उंचीने लहान किंवा खूप उंच असलेल्या बाईसाठी ही सोय असणं-नसणं यावरच पँट घ्यायची की नाही ते ठरतं, असं आता माझंही मत आहे.

आणि ती पिरगाळून बघायची परीक्षा! बसलेल्या स्थितीत कप मुठीत धरून आत-बाहेर फिरवायचा. तो गुडघ्याच्या बाजूला निघून गेला तर घेर सैल आहे, मग किंमत आणि कंपनी काहीही असो. कपावरच्या लेबलचा अर्थही तुम्ही तेव्हाच सांगितलात. हातापायांच्या आर्मरचं युरोपीय मानक ईएन 1621-1. त्यात 50 ज्यूलचा आघात कपावर देतात आणि खाली किती बल पोचलं ते मोजतात. सरासरी 35 किलोन्यूटनच्या आत राहिलं तर लेव्हल 1, 20 च्या आत राहिलं तर लेव्हल 2. लेबलवर के म्हणजे गुडघा, एच म्हणजे हिप. पण प्रयोगशाळेत तो कप जागचा हलत नाही, पायावर मात्र त्याला जागेवर धरून ठेवायचं काम पँटचं असतं. लेव्हल 2 चा कप मांडीवर सरकला तर गुडघ्याला काहीच लेव्हल उरत नाही. बायकांच्या पँटचं फिटिंग हा दिसण्याचा प्रश्न आहे असं समजणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे सांगते.

हिपच्या आर्मरचं मला काहीच ठाऊक नव्हतं, कारण त्याबद्दल कुणी बोलतच नाही. तुम्ही माझा तळवा माझ्याच कुल्ल्याच्या बाजूला ठेवायला लावलात आणि पाय आत-बाहेर फिरवायला सांगितलात. तळव्याखाली जे हाड फिरतं ते मांडीच्या हाडाचं वरचं टोक. बाजूवर पडलं की ते आधी आपटतं, पॅड त्याच्यावर हवं. पुरुषांच्या कटमध्ये ते पॅड माझ्या बाबतीत बरंच वर, जवळजवळ कमरेच्या हाडावर येत होतं. तिथे ते टोचतही होतं, आणि म्हणूनच अनेक जणी ते पॅड काढून टाकतात. तुम्ही तसं करू दिलं नाहीत. पॅड टोचतंय म्हणजे ते चुकीच्या जागी आहे, जागा बदल, पॅड काढू नकोस, असं ठामपणे सांगितलंत.

कापडाच्या बाबतीत तुम्ही मला जाहिरातीतल्या शब्दांपासून दूर नेलंत आणि आत शिवलेली लेबलची पट्टी वाचायला लावलीत. 2020 मध्ये आलेलं ईएन 17092 हे रायडिंगच्या कपड्यांचं मानक, त्यातले एएए, एए, ए, बी आणि सी हे वर्ग. एएए सगळ्यात टिकाऊ, पण बहुधा जड आणि गरम. ए हलकं. बी म्हणजे घासण्याला ए इतकंच टिकणारं, पण आर्मरची अट नसलेलं. आणि सी म्हणजे नुसतं आर्मर धरून ठेवणारं कापड, रस्त्यावर घसटण्यापासून ते वाचवत नाही. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आर्मर लावलेल्या लेगिंग्ज आता बायकांमध्ये खूप आवडीने घेतल्या जातात. त्या अंगाला घट्ट बसतात, कप हलत नाही, हा त्यांचा खरा गुण. पण काही लेगिंग्ज आतून अरामिड या मजबूत तंतूने विणलेल्या असतात आणि काही फक्त जाळीच्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पट्टी वाचल्याशिवाय कळत नाही.

ताणणाऱ्या पट्ट्यांचंही तसंच. गुडघ्याच्या वर आणि मागे कमरेखाली चुण्यांसारखी घडी असलेली पट्टी असेल तर पँट शरीराबरोबर हलते आणि मागचं आसन खाली ओढलं जात नाही. पण तेच पातळ स्ट्रेच कापड बसण्याच्या जागी किंवा मांडीच्या बाहेरच्या अंगाला लावलं असेल, तर जिथे घसट सगळ्यात जास्त तिथेच कापड सगळ्यात कमजोर. घालायला आरामशीर म्हणून मी अशी एक पँट जवळजवळ पसंत केली होती. तुम्ही बोट ठेवून ती जागा दाखवलीत आणि निर्णय माझ्यावर सोडलात. हे सोडणं मला फार आवडलं.

तुम्ही उगाच भीती घातली नाहीत, पण वस्तुस्थितीही लपवली नाहीत. ऑस्ट्रेलियात संशोधक लिझ द रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघात झालेल्या रायडर्सचा अभ्यास करून 2011 मध्ये निष्कर्ष मांडले. संरक्षक कपडे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं प्रमाण कमी होतं. पण मोटरसायकलच्या म्हणून घेतलेल्या पँट्सपैकी सुमारे 28 टक्के त्या अपघातांत फाटल्या किंवा निकामी झाल्या. म्हणून नुसतं ‘रायडिंग पँट’ या नावावर विसंबायचं नाही, हे तुमचं म्हणणं मला पटलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 2018 पासून ‘मोटोकॅप’ हा उपक्रम असे कपडे स्वतः विकत घेऊन तपासतो आणि त्यांचं संरक्षण आणि हवा खेळती राहणं यांना वेगवेगळे तारे देतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. कुठलंही नवं मॉडेल दिसलं की मी आता आधी तिथे डोकावते.

आता त्या कामाबद्दल, ज्यासाठी हे पत्र मुळात लिहायला घेतलं. पँट मांडी आणि हिपच्या मापाने घ्यायची आणि कंबर नंतर आत घ्यायची, हा तुमचा नियम. रायडिंग पँट आत घेता येते. सैल करायला आत कापडच ठेवलेलं नसतं. माझी पँट तुम्ही स्वतः मशीनवर घेतलीत. मागच्या मधल्या शिवणीत थोडं आणि दोन्ही बाजूंना एकेक टक, एवढंच. बाजूच्या शिवणीला हात लावला नाहीत, कारण हिपची खिशी तिच्यातच धरलेली असते आणि पडल्यावर ताण तिच्यावरच येतो. गुडघ्याच्या पॅनेलला तर सुई लावायचीच नाही म्हणालात. दोरा बाँडेड नायलॉनचा, सुती मुळीच नाही. टीप एक नाही, समांतर टिपा, आणि जुनी टीप न उसवता. वॉटरप्रूफ पडदा असलेल्या पँटमध्ये सुईचं प्रत्येक भोक पाणी आत घेतं, म्हणून अस्तर आधी बाजूला केलंत. चामड्यात पडलेलं भोक कधीच बुजत नाही, म्हणून “चामड्याची पँट असती तर हे काम मी घेतलं नसतं,” हेही सांगितलंत. आणि काम हातात देताना बजावलंत की पट्टीवरचा वर्ग कारखान्यातून निघालेल्या पँटचा आहे, आपण हात लावलेल्या भागाची हमी ती पट्टी देत नाही. स्वतःच्या कामाबद्दल इतकं सरळ बोलणारं माणूस मला क्वचितच भेटलंय.

ती फट गेली. पुढे वाकलं तरी पाठ उघडी पडत नाही, जॅकेटला जोडायची चेन ओढ न बसता लागते.

काही प्रश्न असे होते जे मी दुकानात कधीच विचारले नसते. पाळीच्या दिवसांत आसनाची जाड शिवण कुठे येते आणि तासन्‌तास बसल्यावर काय होतं. अरुंद टॉयलेटमध्ये बूट न काढता पँट खाली-वर कशी करायची, सस्पेंडर असतील तर काय. तुम्ही ते न संकोचता ऐकलंत आणि तितक्याच सहजपणे उत्तरं दिलीत: आसनात चारही शिवणी जिथे मिळतात तिथे त्यांचा जाड गठ्ठा नको, आत बिनशिवणीची बेस लेयर हवी, बाजूला पूर्ण लांबीची चेन असेल तर ओव्हरपँट, म्हणजे वरून चढवायची पँट, उत्तम. या गोष्टी बायकांच्या पँटच्या डिझाइनमध्ये पहिल्या दिवसापासून धरलेल्या असायला हव्यात असं मला कळकळीने वाटतं.

कारण बायका बाइकवर आजकालच बसायला लागल्या असं तर नाही. 1916 मध्ये ऑगस्टा आणि ॲडेलिन व्हॅन ब्युरेन या बहिणी आपापल्या मोटरसायकलवर अमेरिका ओलांडून गेल्या, आणि वाटेत त्यांना पुरुषांचे कपडे घातले म्हणून अटक झाली. ते कपडे म्हणजे चामड्याच्या रायडिंग ब्रीचेस. आणि आज ज्या केव्हलर या अरामिड तंतूच्या भरवशावर इतक्या रायडिंग जीन्स विकल्या जातात, तो 1965 मध्ये स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या हातून घडला. हे वाचलं तेव्हा मला आधी तुमची आठवण झाली.

ताई, तुमचा वेळ, तुमची नजर, तुमचं मशीन, सगळं तुम्ही मोकळ्या हाताने दिलंत आणि बदल्यात काही घेतलं नाहीत. माझ्या ग्रुपमधल्या दोघींची मापं मी तुमच्या पद्धतीने, बाइकवर बसवून घेतली आहेत. एकीची उंची बरीच कमी आहे, आणि कपाची खिशी सगळ्यात वरच्या वेल्क्रोवर लावली तरी कप वाटीच्या खाली बोटभर जास्तच राहतो. गुडघ्याच्या पॅनेलला सुई लावायची नाही हे लक्षात आहे. मग लांबीत कमी असलेला कट शोधायचा, की मोठा, नडगीचा वरचा भागही झाकणारा कप घालून बघायचा? तिला घेऊन तुमच्याकडे यावं म्हणते. तुम्हाला सवड कधी आहे ते कळवा.

तुमची,
एक रायडर