खर्च आधी लेखी सांगावा

मोठ्या भावाला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करताना आम्हाला महिन्याचा आकडा तेवढा सांगितला गेला. रक्ततपासणी, औषधे व समुपदेशनाची बिले मात्र घरी सोडण्याच्या दिवशी हाती पडली आणि वहिनींना पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितींनाही मानसिक आजार मानतो आणि त्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा मिळावा असे सांगतो, तरीही मेडिक्लेमच्या बारीक अक्षरांतील अपवादांत व्यसनावरील उपचार असतातच. निदान केंद्रांनी तरी सविस्तर खर्चपत्रक प्रवेशापूर्वी द्यावे. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइन आम्हाला फार उशिरा कळली. तो क्रमांक ठाणे स्थानकातही ठळकपणे लावावा.

– एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे