जात्याच्या खुंट्यावर जागा करून देणाऱ्या आज्जींना

आज्जी, साष्टांग नमस्कार.

हे पत्र सोप्यात बसून नात तुम्हाला वाचून दाखवेल, म्हणून मोठे शब्द टाळतो.

कविता सुचते कुठून, हा आमचा प्रश्न. हिवाळ्यात गावोगावच्या संमेलनांतून मोठमोठ्या पाहुण्यांना तो विचारून झाला. एकानं 'इंदिरा संतांच्या बेळगावात हे काय विचारता!' म्हणून टाळ्या घेतल्या, दुसऱ्यानं आभाळाकडं बोट केलं. शाल, श्रीफळ, कुंदा घेऊन मंडळी गाडीत बसली. आमची वही कोरीच.

तुम्ही ती वही बाजूला ठेवायला लावलीत आणि खुंट्यावरचा हात चार बोटं खाली सरकवलात. वर जागा झाली. एवढंच.

त्या चार बोटांत हात ठेवला तेव्हा कळलं. खुंटा अंगाकडं येतो तेव्हा शब्द पडतात, पलीकडं जातो तेव्हा शेवटचं अक्षर ओढलं जातं. मोठ्या अभंगाचे चरण सहा-सहा-सहा-चार असे कागदावर मोजता येतात. ओवी तशी मोजायला गेलं की फसते. अक्षर कमी पडलं तर 'गं' नाहीतर 'बाई' घालून फेरा भरायचा. सुरुवात अडली तर 'पहिली माझी ओवी' तयारच असते. पहिली ओळ पुन्हा म्हणायची ती उगीच नव्हे, तेवढ्या फेऱ्यांत दुसरी जुळते. यमकाचा शब्द आधी हाताशी ठेवायचा आणि ओळ त्याच्याकडं न्यायची. 'आला-गेला'वर शेवट केला की पोकळ वाजतं. उंबरा, तुळस, असं घरातलं काही आलं की ओवी बसते.

जात्यात मुठीनं दाणे घालायचे, त्या वैरणीचंही तसंच. मूठ मोठी पडली की वरची तळी उचलली जाते, पीठ भरड येतं. फारच थोडी पडली तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कच येते. नवशिक्याच्या कवितेत हे दोन्ही दोष असतात, पहिला जरा जास्तच.

कन्नड अक्का त्यांच्या बीसुकल्लावर, म्हणजे जात्यावरच, तीन ओळींची त्रिपदी म्हणतात, तुमची ओवी दोन ओळींची. दगड तोच. (सीमाप्रश्नावर आम्ही याहून जास्त बोलत नाही.)

कष्टातून कविता येते, अशी आमची समजूत होती. ती अर्धवट निघाली. बेळगावच्या वडगावातल्या यंत्रमागालाही ठोका आहे, पण तो कुणासाठी थांबत नाही. खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. जातं थांबतं. ओळ अडली की हात हळू होतो, सुचली की भरभर फिरतो. वेग ज्या कामात आपल्या हातात असतो, तिथं ओळ सुचते. भाताची लावणी, भाकरी थापणं, धुणं आपटणं, सगळीकडं हेच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बायका काही प्रेरणेची वाट बघत बसल्या नव्हत्या. उजाडायच्या आत दळण उरकायचं होतं.

चार बोटं सरकणं सोपं नाही, आज्जी. ज्याला येतं, तो बहुधा खुंटा गच्च धरून बसतो आणि दुसऱ्याला 'साधना लागते' म्हणून सांगतो. तुम्ही कोणाचा कोण हेही आधी विचारलं नाहीत. नंतर गाव विचारलंत, ते तांदळाची भाकरी वाढता वाढता. अशी माणसं अजून आहेत म्हणून खानापूरच्या बसला गर्दी असली तरी चढावंसं वाटतं.

तळी गुळगुळीत झालीय, दाणा निसटतो, असं तुम्ही म्हणत होता. छिन्नीनं तळीला टाकी लावणारा आम्ही शोधतोय. नव्या टाकीवर पहिलं दळण कोंड्याचं करायचं, कच निघून जावी म्हणून, हे लक्षात आहे. कोंडा आम्ही घेऊन येतो.

तुमची,
वहीवाली मंडळी